करवतीच्या खुणा

१

जुन्या अमेरिकन गाड्यांचं खोटं पकडणं हा माझा शनिवारचा धंदा. ह्या धंद्यात बॉबलिंगेनपासून श्टुटगार्टपर्यंत माझ्याइतका नाक वर करून फिरणारा माणूस सापडायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझी कीव यायला नको.

सोमवार ते शुक्रवार मी एका कंपनीत ब्रेकच्या नळ्यांच्या चाचण्या करतो. शनिवारी निळा डगला चढवतो आणि कुणाच्या तरी गॅरेजमध्ये १९६९-७० सालच्या एखाद्या दांडग्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालतो. ह्या गाड्यांच्या बॉनेटवर हवेचं एक तोंड उठलेलं असतं, त्याला स्कूप म्हणतात. इंजिनाला बाहेरची गार हवा मिळावी म्हणून थोड्याच गाड्यांना तो कारखान्यातून लावून यायचा. बाकीच्यांना पुढे हौशी लोकांनी बॉनेट कापून बसवला. कुठला कारखान्याचा आणि कुठला मागाहूनचा, हे सांगायला लोक मला बोलावतात.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी कागदपत्रं. मग बॉनेट उघडून आतल्या भोकाची कड. कारखान्यात प्रेसखाली कापलेली कड गुळगुळीत असते. घरी करवतीनं कापलेली दातेरी लागते, बोट फिरवलं की कळतं. शेवटी कागदाची युक्ती. सिगारेट वळायच्या पातळ कागदाची बोटभर पट्टी फाडायची, स्कूपच्या तोंडाशी टेपनं लटकवायची आणि मालकाला म्हणायचं, आल्झो, चला, करा इंजिन चालू. स्कूप कामाचा असेल तर पट्टी आत ओढली जाते. नुसता शोभेचा असेल तर लोंबत राहते. अशा वेळी मालकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मला त्यात मजा यायची, उगाच साळसूदपणा कशाला करू?

२०१७च्या नोव्हेंबरात शोभनावहिनीचा फोन आला. माझ्या जुन्या मित्राची, सत्यजितची बायको; तनय त्यांचा मुलगा. तो जाऊन साडेतीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. अंत्यविधीला मागच्या रांगेत उभा राहून परत आलो होतो, बस.

"वासूभाऊजी, गाडी विकायचीय. तनयनं हाम्बुर्गचा एक माणूस ठरवलाय. त्याला तपासणीचा लेखी दाखला, गुटआख्टन, हवाय."

"दुसऱ्या कुणाचाही चालेल की वहिनी. मी दोन नावं देतो."

"नको. तुम्हीच या." मग तिनं आवाज खाली आणला. "विकणं राहू दे एकीकडे. मला एकच कळायला हवं. त्या बॉनेटबद्दल हे खोटं बोलत होते की नव्हते?"

शनिवारी दहाला येतो म्हणालो आणि फोन ठेवला. उल्का, माझी बायको, भाजी निवडत ऐकत होती. "जाऊ नकोस," ती म्हणाली. "तुझ्याच्यानं खरं सांगवणार नाही." मी तिच्यावर खेकसलो. तीस वर्षांचा संसार झाला की बायका फार नेमकं बोलायला लागतात.

२

सत्यजित आणि मी पुण्याच्या एकाच कॉलेजातले. एक्क्याण्णव साली एकाच विमानानं इथे उतरलो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर त्याचा उजवा अंगठा सापडला होता, तेव्हापासून त्याचं नख मधोमध उभं चिरलेलं. त्याच अंगठ्यानं तो सगळं दाखवायचा, नकाशावरचा रस्ता काय नि मेनूकार्डावरची डिश काय.

गाडी त्यानं २००९ साली घेतली. बॉबलिंगेनच्या अमेरिकन छावणीतून निवृत्त होऊन इथेच राहिलेला एक म्हातारा सार्जंट होता, त्याची ती. १९७० सालची, गडद हिरवी, बॉनेटवर रुंद स्कूप. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की गाडी त्यानं कोरी घेतली तेव्हाच स्कूप होता. पहिल्या काही आठवड्यांत प्रेसचा साचा तयार झाला नव्हता, म्हणून कारखान्यातल्या माणसांनी बॉनेटं हातानं कापली. सत्यानं हे ऐकलं आणि मनात पक्कं धरून ठेवलं.

२०१२च्या उन्हाळ्यात फ्लुगफेल्डवर, जुन्या विमानतळाच्या मैदानावर, अमेरिकन गाड्यांचा मेळावा होता. सत्या गाडी धुऊनपुसून घेऊन आला. वीस-पंचवीस लोक भोवती जमले, त्यात त्याच्या कंपनीतले चार जर्मन. शोभनावहिनी डब्यातल्या करंज्या वाटत होती. कुणीतरी म्हणालं, इथे तज्ज्ञ उभा आहे, त्यालाच विचारा. मला तेवढंच हवं होतं.

मी बॉनेट उघडलं. कडेला रबराची जाड पट्टी होती. ती काढून बघायला हवी, हा नियम मीच शिकाऊ लोकांना शिकवतो. पण लोक बघत होते आणि रबर संपतं तिथे बोटाला करवतीचे दात लागत होते. आता काय बघायचं राहिलं? मी बोट वर केलं आणि जर्मनमध्ये मोठ्यानं म्हणालो, मागाहून बसवलेला आहे.

"वाशा, रबर काढ," सत्या हात जोडून मराठीत म्हणाला. "म्हातारा खोटं नाही बोलला. रबर काढून बघ एकदा."

"सत्या, म्हाताऱ्यानं तुला टोपी घातली. आणि तू आम्हाला घालतोयस."

लोक हसले. वहिनीही हसली, मी स्वतः पाहिलं. सत्यानं बॉनेट लावलं आणि त्यानंतर तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. पावणेदोन वर्षांनी तो गेला. घरच्याच गॅरेजमध्ये, हृदय बंद पडून. मला एवढंच माहीत होतं.

३

घर हेरेनबर्गच्या टोकाला आहे, पुढे शेतंच. वहिनी दारात उभी होती. खूप वाळली होती. स्वयंपाकघरातून एक लोखंडी दार गॅरेजमध्ये उघडतं, आगीपासून बचावाचं असतं तसलं, आपोआप मिटणारं. घराच्या बाजूनं हँडल, गॅरेजच्या बाजूनं नुसती गोल मूठ. किल्ली नसेल तर तिकडून उघडत नाही.

"परत यायचं असलं की वाजवा," ती म्हणाली आणि लगेच ओठ मिटले. मग म्हणाली, "नको. मी दाराला पाचर लावून ठेवते."

गॅरेज थंड होतं. बाहेरचं मोठं दार बंद, कडेला रबर, खिडकी नाही. दोन ट्यूबलाइट. गाडीवरचं कापड मी काढलं. साडेतीन वर्षं कुणी हात लावला नव्हता, पण स्कूपच्या तोंडाशी धूळ नव्हती. बाकीच्या बॉनेटवर पातळ थर, आणि तोंडासमोरचा ओंजळभर तुकडा स्वच्छ. मांजर बसत असेल, असं मी मनात म्हटलं. मांजर आत कुठून येणार, ते मनात आणलं नाही.

कागदपत्रं पाहिली, फोटो काढले. हात सवयीनं चालत होते. पट्टी फाडली, टेपनं लावली आणि दाराकडे ओरडलो, "वहिनी, किल्ली कुठेय? इंजिन चालू करायचंय."

"बॅटरी नाहीये भाऊजी," तिकडून आवाज आला. "तनयनं काढून टाकली. तेव्हापासून ती गाडी सुरूच झालेली नाही."

मग पट्टी लावण्यात अर्थ नव्हता. ती काढायला वळलो तर ती आत ओढलेली होती. कागद स्कूपच्या वरच्या ओठाला चिकटल्यासारखा आत वळला होता. बघता बघता सुटला, बाहेर फडफडला, सरळ लोंबला आणि पुन्हा आत गेला.

४

मी इंजिनिअर माणूस आहे. वारा येतोय हे उघड होतं, कुठून येतोय एवढंच शोधायचं होतं. स्वयंपाकघराच्या दाराची पाचर काढली, दार मिटलं. मोठ्या दाराच्या रबरावर जुने टॉवेल कोंबले. छताजवळ हवेसाठी एक जाळी होती, तिच्यावर पुठ्ठा चिकटवला. मग गाडीपासून तीन पावलं लांब, नाकावर रुमाल धरून उभा राहिलो. माझ्याच श्वासानं हलत असेल तर? तसं असतं तर बरं झालं असतं.

पट्टी आत गेली. बाहेर आली.

घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा. पुन्हा मोजलं, चौदा. तिसऱ्या खेपेला मी पट्टीकडे बोट नेलं, नुसतं जवळ नेलं, तर वीस झाले.

तापमानातला फरक, म्हटलं. इंजिनाचं लोखंड रात्रभर गारठतं, घराकडची भिंत गरम असते, आतली हवा वर-खाली होते. स्वतःलाच लेक्चर देत होतो आणि ते चांगलं चाललं होतं. कानाला मात्र काहीतरी लागत होतं. आधी वाटलं, शेजारचं हीटिंग. मग लक्षात आलं की पट्टी आत जाताना नाकात कफ अडकल्यासारखा बारीक आवाज येतो. सत्याला आयुष्यभर सायनसचा त्रास होता. विमानात तो माझ्या शेजारी झोपला होता आणि नऊ तास मी हाच आवाज ऐकला होता.

"मूर्ख," मी मोठ्यानं म्हणालो. कुणाला म्हणालो ते मला सांगता यायचं नाही.

पळून जावंसं वाटलं. पण पळालो असतो तर वहिनीला काय सांगितलं असतं? मी बॉनेटची कळ ओढली आणि ते वर केलं.

५

आत काहीच नव्हतं. इंजिन, त्यावर एअर फिल्टरचं गोल झाकण, तारा, कोळ्याचं जाळं. बॉनेटच्या पोटाशी ते भोक आणि कडेला तीच रबराची पट्टी. आवाज थांबला होता. कुणीतरी श्वास रोखून बघत बसावं तसं सगळं गप्प होतं.

मी लाकडी पाचरीनं रबर सोडवायला लागलो. वास्तविक त्याची गरज नव्हती. माझा निकाल पाच वर्षांपूर्वी लागला होता, तोच लिहून मोकळा झालो असतो. पण हातांना काम हवं होतं. खाली बघायची तर हिंमतच नव्हती. रबर एका बाजूनं सुटत गेलं. जुना गोंद पिवळा पडून कडक झाला होता. त्याखाली कड उघडी पडली आणि मी भिंग लावलं.

करवतीचे दात होतेच. वेडेवाकडे, कुणीतरी घाईत मारलेले. आणि त्या दातांच्या आत, खाचेखाचेतून, कारखान्याचा तपकिरी प्रायमर उतरलेला होता. पत्रा कारखान्यात प्रायमरच्या हौदात बुडवतात, तो सगळीकडे एकसारखा बसतो. मागाहून कापलं असतं तर कडेला तो थर तुटलेला दिसला असता आणि आतला पत्रा उघडा राहिला असता, नाहीतर वर दुसऱ्या रंगाचा थर असता. इथे थर एकच होता. बॉनेटच्या पोटावरून आला होता, न तुटता कडेवरून वळून खाचांत उतरला होता, आणि त्यावर गाडीच्या मूळ हिरव्या रंगाचा फवारा होता.

म्हणजे आधी कापलं, मग प्रायमर. कापलं ते कारखान्यातच. म्हातारा खरं बोलला होता आणि सत्याही.

मी डबा उलटा करून त्यावर बसलो. एवढंच होतं? एवढंसं रबर? दोन मिनिटांचं काम होतं ते. त्या दिवशी सत्या मला हात जोडून सांगत होता, रबर काढ, आणि मी लोकांना हसवत उभा होतो.

डोक्यावर तो आवाज पुन्हा सुरू झाला. उघड्या बॉनेटमधून, जिथे पत्र्याशिवाय काही नव्हतं.

६

माझ्याकडे तपासणीचा कॅमेरा आहे. लांब काळी तार, टोकाला वाटाण्याएवढं भिंग आणि दिवा, तारेवर सेंटिमीटरच्या खुणा. आता त्याचं काही काम नव्हतं, पुरावा मिळाला होता. पण आवाज कुठून येतोय ते बघितल्याशिवाय मला त्या गॅरेजमधून उठवत नव्हतं. बॉनेट लावलं आणि स्कूपच्या तोंडातून तार आत सोडली.

स्कूपच्या ओठापासून फिल्टरचं झाकण फार तर वीस सेंटिमीटरवर. पडद्यावर हिरवा पत्रा दिसला, मग प्रायमर, मग ती कड. वीस झाले. झाकण आलं नाही. तीस. तार वळली असेल, म्हटलं. पण हाताला ती सरळ जात असल्यासारखी लागत होती, कुठे अडत नव्हती. साठ. ऐंशी. पडद्यावर नुसता काळोख आणि दिव्यापुढे उडणारे धुळीचे कण. कण आत जात होते, थांबत होते, माझ्याकडे येत होते. एक मीटर दहावर भिंग धुरकटलं.

तार ओढायला हवी होती. मी पडद्याकडे बघत राहिलो.

एका अंगठ्यानं भिंग पुसलं. सावकाश, चष्म्याची काच पुसावी तसं. नख मधोमध उभं चिरलेलं होतं. अंगठा मागे झाला, बाजूला गेला आणि उजेडात एक कड दिसली, करवतीचे दात असलेली. त्या दातांवरून अंगठा फिरला, एकदा, दोनदा, आणि तिथेच टेकून राहिला. त्याच्या पलीकडे, फार खाली, सिमेंटच्या जमिनीसारखं काहीतरी होतं. त्यावर कुणीतरी आडवं पडून वर बघत होतं. चेहरा मी पाहिला नाही. मी डोळे मिटले, हे कबूल करतो.

तार खेचून काढली तेव्हा टोक कोमट आणि ओलं होतं. रेकॉर्डिंगचं बटण मी दाबलंच नव्हतं. वीस वर्षांत एकदाही न चुकलेली गोष्ट. चुकलो, की माझ्याच्यानं ते दाबवलं नाही, कोण जाणे. न दाबल्यामुळे पुढे मला एक सोय झाली. भीतीनं भास झाला असं मी स्वतःला सांगू शकलो, आणि अजूनही सांगतो.

प्रायमर मात्र भास नव्हता. त्याचे फोटो माझ्या कॅमेऱ्यात होते.

७

गोल मूठ वळत नव्हती. वहिनीनं लावलेली पाचर काढून दार मीच मिटलं होतं. वाजवायला हात उचलला आणि वाजवेना. शेवटी हाक मारली, "वहिनी!" ती धावत आली, जवळजवळ आपटतच दार उघडलं.

"हाक मारलीत ते बरं केलंत," ती धापा टाकत म्हणाली.

स्वयंपाकघरात कुकरचा वास होता. मी टेबलापाशी बसलो आणि फॉर्म बाहेर काढला. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: वहिनी, मी चुकलो, सत्या खरा होता. किती लहान वाक्य! पण पन्नाशी उलटेपर्यंत मी ते कुणालाच म्हटलं नव्हतं, त्यामुळे जीभ वळत नव्हती. तोवर तीच बोलायला लागली, ओट्याकडे तोंड करून.

"भाऊजी, एक गोष्ट तनयलाही सांगितलेली नाही. त्या शनिवारी सकाळी आमचं भांडण झालं. तेच, बॉनेटवरून. हे म्हणाले, सगळ्या जगानं नाही मानलं तरी चालेल, तू तरी मान. मी म्हटलं, वासूभाऊजी कशाला खोटं सांगतील? तुम्हीच आम्हाला फसवताय, आणि आता मागे घेता येत नाही म्हणून हट्टाला पेटलाय. चहा टाकून गॅरेजमध्ये गेले."

मी फॉर्मवर गाडीचा नंबर लिहिला.

"दीड वाजता दार वाजलं. किल्ली विसरले की वाजवायचे. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, वाजवू दे. खोट्या माणसाला राहू दे थोडं ताटकळत." ती वळली. डोळे कोरडे होते. "खालून वाजत होतं, भाऊजी. दाराच्या अगदी खालून. मला तेव्हाच कळायला हवं होतं, उभा माणूस खालून कशाला वाजवेल? मग थांबलं. म्हटलं, रुसले. तीनला दार उघडलं."

"वहिनी…"

"आधी माझं ऐका. स्कूप नकली असेल तर ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण माझा राग तरी खरा होता. खोट्याचा राग आला, माणसाला येतोच. आणि खरा असेल तर?" ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली आणि फॉर्मवर हात ठेवला. "तर मी खऱ्या माणसाला दारापलीकडे मरू दिलं. तुम्ही तेव्हा बरोबर होतात ना? सांगा ना. तुम्हाला कळतं ह्यातलं. बरोबर होतात ना तुम्ही?"

तिनं मला हात जोडले. सत्यानंही जोडले होते.

लोक म्हणतील, मी तिच्यासाठी केलं. उल्कालाही मी तसंच सांगितलं. पण इथे तरी खोटं नको. ती बोलत असताना माझ्या मनात पहिली आली ती सुटका. चला, आता ते वाक्य बोलावं लागणार नाही. माझं नाव शाबूत राहतंय आणि वर पुण्यही पदरात पडतंय. तिची दया मला नंतर आली.

"मी बरोबर होतो, वहिनी," मी म्हणालो. "मागाहून कापलेलं आहे. सत्याला म्हाताऱ्यानं फसवलं आणि मग त्याला माघार घेता आली नाही."

फॉर्मवर तेच लिहिलं. कॅमेऱ्यातले कडेचे फोटो तिच्यादेखत पुसले. ती समजली, अनावश्यक पुसतोय. खाली सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. शोभनावहिनी टेबलावर डोकं ठेवून रडली, लहान मुलाचा ताप उतरावा तसं मोकळं. मग उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "जेवून जा. कितीतरी दिवसांनी मला भूक लागलीय."

८

तिनं दोन ताटं घेतली. वरण, भात, कोबीची भाजी, लिंबाची फोड. दीड वाजून गेला होता. बाहेर शेतावर ऊन पडलं होतं आणि रस्त्यावरून कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं. पहिला घास घेतला आणि दार वाजलं.

तीन ठोके, लोखंडावर. अगदी खालून.

वहिनीच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा वाजलं. ह्या वेळी ठोक्यांमध्ये अंतर होतं, जोर कमी होता.

"वारा असेल," ती म्हणाली.

आता बोलायची पाळी माझी होती. मी घास गिळला. "वाराच. शिवाय लोखंडी दार आहे. इकडून गरम, तिकडून गार. चौकट आकसते आणि पत्रा ठोकल्यासारखा आवाज करतो. मी मघाशी जाळी बंद केली, त्यामुळे आतला दाबही बदलला असणार."

माझं स्पष्टीकरण उत्तम होतं. कुठल्याही परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "तनयही असंच काहीतरी म्हणाला होता."

दाराला माझ्या बाजूनं हँडल होतं. हात लांबवला असता तर खुर्चीवरून पोहोचला असता. मी भातावर वरण कालवलं. दार वाजत राहिलं. मध्ये एकदा ठोक्यांऐवजी नुसतं खरवडल्याचा आवाज आला, नखाचा असावा. वहिनीनं मला भाजी वाढली, मी पुरे म्हणालो नाही. दोघंही भराभर जेवत होतो. एकदा वाटलं, उठावं. फॉर्म टेबलाच्या कडेला पडला होता, शिक्क्याची शाई अजून ओली होती. मी उठलो नाही.

मग आवाज थांबला. फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला राहवलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी किती वेळ वाजत होतं?"

"एवढाच वेळ," शोभनावहिनी म्हणाली आणि तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली. "भात कोरडा झालाय, तूप घ्या थोडं."

मी ताट पुढे केलं.